दोन वर्षे जपानमध्ये मिशनवर राहून आलेल्या शेजारच्या मुलाशी काय बोलावे?

प्रश्न : गल्लीतली शेजारीण

आम्ही गेली चार वर्षे युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहत आहोत. आमच्या गल्लीतली बहुतेक कुटुंबे मॉर्मन, म्हणजे सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या एका ख्रिस्ती पंथाची, आहेत आणि त्यांच्याशी आमचे चांगले जमते. अगदी शेजारच्या घरातला थोरला मुलगा, जो आम्ही राहायला आलो तेव्हा शाळेत होता आणि हिवाळ्यात आमच्या दारापुढचा बर्फ कुणी न सांगता फावड्याने ओढून टाकत असे, तो अठरा पूर्ण झाल्यावर धर्मप्रसारासाठी जपानला गेला आणि दोन आठवड्यांपूर्वी परत आला. घरावर स्वागताचा फलक लागला, गॅरेजच्या दाराला फुगे बांधले गेले आणि त्या संध्याकाळी आम्हालाही बोलावणे आले.

तिथे माझ्याकडून चूक झाली असे मला वाटते. काहीतरी विचारायचे म्हणून मी सहज विचारले, “दोन वर्षांत किती जणांना बाप्तिस्मा दिलास?” तो क्षणभर थांबला, “दोघांना” एवढेच म्हणाला आणि हातातली ताटली घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. त्याच्या आईने लगेच माझ्या मुलीच्या शाळेचा विषय काढला.

तेव्हापासून त्याच्याकडे माझे जरा जास्तच लक्ष जाते. संध्याकाळी तो एकटा फिरायला निघतो, दहा-पंधरा पावले जातो आणि मागे वळून पाहतो, जणू बरोबरचे कुणी मागे राहिले आहे. पूर्वी भडाभडा बोलणारा हा मुलगा आता इंग्रजी शब्दसुद्धा शोधत बोलतो. आई म्हणते की ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली दोन वर्षे होती. तो मात्र तसे म्हणत नाही. नाही असेही म्हणत नाही.

मराठीत ‘मिशनरी’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर शाळा, दवाखाना आणि झगा घातलेले, सारे आयुष्य एकाच गावी काढणारे पाद्री येतात. विशीतला, परत येऊन कॉलेजात नाव घालणारा मुलगा येत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे की ही मुले तिथे नेमके काय करतात, खर्च कोण करतो, जाणे न जाणे त्यांच्या हाती असते का, आणि मुख्य म्हणजे आता मी त्याच्याशी काय बोलावे. त्यांचा धर्म बरा की वाईट, हा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.


उत्तर १ : प्रोव्होचा जुना भाडेकरू

मी युटातल्याच प्रोव्हो शहरात शिकत असताना तीन वर्षे ज्या घरात राहिलो, तिथले माझ्याखेरीजचे पाचही भाडेकरू मिशन करून आलेले होते, त्यामुळे या विषयाचे माझे शिक्षण स्वयंपाकघरातच झाले.

आधी त्या मागे वळून पाहण्याविषयी. मिशनरी कधीही एकटा नसतो. त्याला नेमून दिलेला जोडीदार असतो, ज्याला ते ‘कम्पॅनियन’ म्हणतात, आणि दोघांनी दिवसरात्र एकमेकांच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात राहायचे असा नियम असतो. स्नानगृह तेवढे अपवाद. जोडीदार निवडता येत नाही आणि आवडला नाही म्हणून बदलूनही मिळत नाही. साधारण दर ६ आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ येते, म्हणजे कुणाची जोडी कुणाशी आणि कोणत्या गावी याची नवी मांडणी होते. दोन वर्षे असे काढलेला माणूस घरी परततो तेव्हा प्रथम त्याला ही रिकामी बाजू जाणवते. माझा एक घरसोबती पहिला महिनाभर किराणा आणायलाही एकटा जाऊ शकत नव्हता. मला काही घ्यायचे नसले तरी तो मला ओढून नेई आणि दुकानात मी दुसऱ्या रांगेत वळलो की अस्वस्थ होई.

आता व्यवस्थेविषयी. मुलगा अर्ज करतो, डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्याकडून तपासणी करून घेतो, स्थानिक मंडळीचे प्रमुख असलेले बिशप आणि अशा अनेक मंडळ्यांवरचे ‘स्टेक प्रेसिडेंट’ त्याच्या मुलाखती घेतात, आणि मग सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून नेमणूक येते. देश मागून मिळत नाही. पूर्वी ही नेमणूक एका मोठ्या पांढऱ्या लखोट्यातून यायची आणि आजी-आजोबांसकट सारे गोत जमल्यावर तो फोडायचा असा प्रघात होता. २०१८ च्या अखेरीपासून ती ऑनलाइन येते, पण गोत अजूनही जमते. मुलांसाठी मुदत २४ महिने आणि मुलींसाठी १८ महिने. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ वर आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणले गेले, तेव्हा अर्जांचा पूर आला होता.

पगार नाही. उलट घरच्यांना किंवा मुलाला स्वतःला दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात. जुलै २०२० पर्यंत हा आकडा ४०० होता. ही रक्कम एका सामाईक निधीत जाते, त्यामुळे महागड्या टोकियोला गेलेला आणि स्वस्त देशात गेलेला सारखेच पैसे भरतात. १९९० च्या सुमाराच्या आधी मात्र ज्या त्या गावचा खरा खर्च ज्याच्या त्याच्या घरावर पडत असे. माझ्या घरसोबत्यांपैकी दोघांनी शाळेत असल्यापासून गवत कापून आणि पिझ्झा पोचवून हे पैसे साठवले होते.

प्रशिक्षण प्रोव्होतल्या केंद्रात होते. जपानीसारख्या भाषेसाठी ते सुमारे ९ आठवड्यांचे असते, आणि तिथून थेट विमानात. रोज सकाळी साडेसहाला उठायचे, अभ्यास करायचा, दिवसभर लोकांना भेटायचे, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. चित्रपट नाहीत, दूरदर्शन नाही, मैत्रीण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी राखलेला असतो. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओवर बोलता येते. त्याआधी नाताळ आणि मातृदिन असे वर्षातून दोनच फोन होते. अठरा वर्षांच्या पोराला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, म्हणून हाक मारली जाते, याची गंमत त्यांना स्वतःलाही वाटते.

त्यांची आपसातली बोलीही ऐकण्यासारखी आहे. नवख्याला शिकवणारा पहिला जोडीदार हा त्याचा ‘बाप’, शेवटच्या सहा आठवड्यांतला जोडीदार त्याला ‘मारतो’, आणि मुदत संपत आली की ज्याचे चित्त घराकडे लागते त्याला ‘ट्रंकी’ म्हणतात, कारण मनाने तो ट्रंक भरून बसलेला असतो. परतल्यावर मुलगा स्टेक प्रेसिडेंटना भेटतो, ते त्याला सेवेतून मुक्त करतात आणि तो छातीवरची काळी नावपट्टी काढून ठेवतो. पाच मिनिटांचे काम, पण माझ्या घरसोबत्यांपैकी दोघे म्हणत की सबंध दोन वर्षांत आले नव्हते तेवढे रडू त्या वेळी आले.

ऐच्छिक आहे का? कुणी धरून नेत नाही. परंतु चर्चची शिकवण अशी की सुदृढ मुलासाठी हे कर्तव्य आहे आणि मुलीसाठी तिच्या इच्छेची बाब. ज्या गल्लीत प्रत्येक घरातला मुलगा जातो, तिथे न जाणाऱ्याला कारण द्यावे लागते. ते कारण द्यावे लागणे हीच सक्ती असे म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जाता जाता : २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव न वापरता ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे चर्चचे पूर्ण नाव घ्यावे असे सांगितले. आपण ‘मॉर्मन’ म्हटले म्हणून आपले शेजारी रागावणार नाहीत, पण स्वतः मात्र ते आताशा तसे म्हणत नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल.


उत्तर २ : सेंदाईतला भाषांतरकार

मी दाराच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. अकरा वर्षे जपानमध्ये आहे, आणि या मुलांना मी तिसऱ्या-चौथ्या खेपेस आत घेतले, तेही धर्मासाठी नव्हे. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि दोघांचेही हातमोजे भिजून काळे पडले होते.

जपानी घरात शिरताच चपला काढण्याची जी खालच्या पातळीवरची जागा असते तिला ‘गेन्कान’ म्हणतात. परका माणूस बहुधा तिथेच उभा राहून बोलतो आणि तिथूनच परततो. एक पायरी वर चढायला मिळणे म्हणजे घरात घेतले जाणे. या मुलांचे जपानमधले बरेचसे आयुष्य त्या पायरीच्या खाली जाते. त्यातला उंच मुलगा मला म्हणाला होता की सुरुवातीचे काही महिने त्याला नकार कळतच नव्हता, कारण नकारार्थी शब्द कुणी उच्चारतच नाही. लोक हसून, किंचित वाकून ‘केक्को देस’ म्हणतात. शब्दकोशात बघाल तर अर्थ ‘उत्तम आहे’ असाही निघतो. हा बिचारा उत्साहाने पुस्तक बाहेर काढायचा आणि दार हळूच लागायचे. मी त्याला सांगितले की आमच्या भाषेत ‘असू द्या’ नेमके हेच काम करते. ‘असू द्या’ म्हणणाऱ्याला खरोखर काहीही असू द्यायचे नसते. त्याने वहीत देवनागरी अक्षरे माझ्याकडून गिरवून घेतली.

चहाचे प्रकरणही असेच. त्यांच्या आहारनियमात, जो १८३३ सालचा आहे, दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे, आणि जपानमध्ये पाहुण्यापुढे सर्वांत आधी येतो तो हिरवा चहा. पेला नाकारावा तर यजमानीण ओशाळते. मग यातून सुटका करते ती ‘मुगिचा’, म्हणजे भाजलेल्या सातूचे पाणी, ज्यात चहाचे पान नसतेच. ज्या घरी मुगिचा मिळते ती घरे मुलांच्या तोंडपाठ असतात आणि जोडी बदलून गेली की हा पत्ता वारशासारखा पुढच्याकडे जातो.

‘दोघांना’ या आकड्याविषयी मात्र थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो कळल्यावर आपल्या शेजाऱ्याचा आकडा लहान वाटणार नाही. जपानमधले त्यांचे मिशन १९०१ मध्ये हीबर ग्रँट आणि त्यांचे तीन सहकारी योकोहामाला उतरले तेव्हा सुरू झाले. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर व्हायलाच १९०९ साल उजाडले, आणि ते करणारा अल्मा टेलर आला तेव्हा विशीदेखील न ओलांडलेला होता. १९२४ पर्यंतच्या २३ वर्षांत मिळालेले अनुयायी दोनशेच्याही आत होते. तोवर ग्रँट स्वतः चर्चचे अध्यक्ष झालेले होते, आणि स्वतःच सुरू केलेले मिशन बंद करण्याचा निर्णय त्यांच्यावरच आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये ते पुन्हा उघडले, १९८० मध्ये टोकियोत त्यांचे आशियातले पहिले मंदिर उभे राहिले; तरीही हा देश त्यांच्यासाठी आजही खडकाळ रानच आहे. इथे दोन वर्षांत दोघे ही लाजण्याची गोष्ट नव्हे, आणि एकही नसता तरी नसती.

प्रत्यक्षात या मुलांचा बराच वेळ दारोदार फिरण्यापेक्षा दुसऱ्याच कामांत जातो. चर्चमध्ये ते आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतात. माझी शेजारीण, वय ७८, तिथे सहा वर्षे नियमाने जाते आणि धर्मांतराचा विषय निघाला की तिला ऐकू येईनासे होते. तिने आतापर्यंत किमान वीस ‘एल्डर’ हाताखालून घातले असतील. त्यांचे जपानी उच्चार ती सुधारते, ते तिचे इंग्रजी सुधारतात. गावातून बदली होऊन जाणारा प्रत्येक जण तिच्या घरी निरोप घ्यायला येतो. अहवालात या भेटी कोणत्या रकान्यात लिहितात, मला माहीत नाही.

आपण त्याला आकडा विचारलात. आता गावे विचारा. सहा-सात गावांत तरी तो राहिला असेल. आणि सातूची मुगिचा तुमच्याकडच्या जपानी किराणा दुकानात नक्की मिळेल. जास्त वेळ उकळू नका, कडवट होते.


उत्तर ३ : ब्राझीलहून परतलेली

माझी आई युटाची, वडील मराठी, घरात दोन्ही भाषा. वय २१ वरून १९ वर आल्यावर ज्या मुली निघाल्या त्या पहिल्या लाटेत मी होते. २०१३ ते २०१४ असे दीड वर्ष मी ब्राझीलच्या ईशान्येकडे काढले. व्हिसा वेळेवर न आल्यामुळे त्यातले पहिले दोन महिने अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात गेले, हा ब्राझीलच्या नेमणुकीचा जुनाच प्रसाद आहे.

जपानची पायरी वाचून मला आमचे फाटक आठवले. ब्राझीलमध्ये दारावर टकटक करत नाहीत. रस्त्यावर, फाटकाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवतात. पहिल्या दिवशी भर उन्हात, लांब झग्यात, एका बंद घरापुढे टाळ्या वाजवत उभी राहिले तेव्हा वाटले की आपण कुणाचे कौतुक करतो आहोत आणि कशाबद्दल. आतून बाई आली, तिने आम्हाला सावलीत बसवले, मातीच्या गाळणीतले गार पाणी दिले आणि मग कॉफी आणली. आम्ही कॉफी घेत नाही असे माझ्या जोडीदारणीने सांगताच तिने विचारले, “डॉक्टरांनी बंद केली का?” तिथे ‘नको’ ऐकायला मिळतच नाही. लोक बसवतात, ऐकतात, रविवारी नक्की येतो म्हणतात आणि येत नाहीत. नकाराने नव्हे, या होकारांनी आम्ही थकत असू.

मला बाप्तिस्म्यांची संख्या कुणी विचारली की मी सांगते, पण त्या वेळी मनात एकच घर असते. पन्नाशीची एक बाई, एका माणसाबरोबर बावीस वर्षे राहत होती, तीन मुले होती, लग्न झालेले नव्हते. आमच्या नियमाने बाप्तिस्म्याआधी कायदेशीर विवाह हवा. तिची तयारी होती. त्याचा जन्मदाखला तीनशे किलोमीटरवरच्या गावी नोंदलेला होता आणि त्यातले त्याच्या आईचे नाव चुकलेले होते. जिला स्वतःच्या लग्नाचा पत्ता नाही अशी मी, वय वर्षे वीस, सात आठवडे ‘कार्तोरिओ’त, म्हणजे नोंदणी कार्यालयात, रांगेत उभी राहून त्या दोघांचे लग्न जुळवत होते. कारकून मला नावाने ओळखू लागला होता. लग्न झाले त्या दिवशी नवरदेव रडला. बाप्तिस्मा तिने घेतला, त्याने घेतला नाही. माझी बदली झाल्यावर चार महिन्यांनी कळले की तिनेही चर्चला येणे सोडले आहे. माझ्या अहवालात ती ‘एक’ म्हणून मोजली गेली आणि तशीच राहिली. ते दोघे अजून नवरा-बायको आहेत. नाताळला मला त्यांचा फोटो येतो. हे यश होते की अपयश, असे मला एकदा वडिलांनी विचारले होते. मी उत्तर देऊ शकले नाही, म्हणून त्यांनी चहा केला, जो मी घेत नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होते. माझी तिसरी जोडीदारीण आजारी पडली. ताप नव्हता, ती पलंगावरून उठेनाच. तिला एकटे सोडून जाता येत नाही, त्यामुळे अकरा दिवस आम्ही दोघी एका खोलीत, पंख्याखाली. दर आठवड्याला किती पाठ घेतले, किती जण रविवारी आले, किती जणांची तारीख ठरली, असे आकडे कळवायचे असतात. मी शून्य, शून्य, शून्य असे कळवले. वरून सल्ला आला की प्रार्थना वाढवा आणि बाहेर पडा. सल्ला देणारा माणूस वाईट नव्हता, त्याला उमगले नव्हते एवढेच. शेवटी ती मुदतीच्या आत घरी गेली. आता मिशनऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचे सल्लागार नेमलेले असतात, तेव्हा ते आमच्यापर्यंत पोचलेले नव्हते. लवकर परतणाऱ्याच्या घरावर फुगे लागत नाहीत. तिच्या आईने मला नंतर विचारले, “ती तिथे हसायची का?” मी हो म्हणाले, आणि ते खरे होते. त्या अकरा दिवसांत आम्ही सर्वांत जास्त हसलो होतो, कारण मी तिला मराठी म्हणी शिकवत होते आणि तिने पोर्तुगीजमध्ये त्यांची वाट लावली होती.

आपल्या शेजाऱ्याचे इंग्रजी अडखळते आहे म्हणून काळजी करू नका. सकाळी उठून मी आईशी पोर्तुगीजमध्ये बोलत असे, आणि प्रार्थना तर पुढे वर्षभर दुसऱ्या भाषेत सुचतच नव्हती.


उत्तर ४ : शंकासुर

वरील तिन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरी एक बाजू सुटू नये म्हणून लिहितो. वाद नको असे प्रश्नकर्तीने म्हटले आहे. हा वाद नाही, इतिहास आहे.

आकड्यांचा हा ताण मुलांनी आपण होऊन घेतलेला नसतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या सुरुवातीस इंग्लंडमध्ये मिशनरी मुलांना बेसबॉलच्या संघात खेळायला बोलावत आणि त्या ओघात बाप्तिस्मा उरकून टाकत. चर्चच्याच इतिहासात तो काळ ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ या नावाने बदनाम आहे. ज्या जपानला वर खडकाळ रान म्हटले आहे, तिथेही १९७० च्या दशकाच्या शेवटी टोकियोच्या एका मिशनमध्ये रस्त्यावर भेटलेल्या तरुणांना अत्यंत घाईने बाप्तिस्मे दिले गेले आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी दिसले नाहीत. म्हणजे जास्त आकडा ही त्या मुलाच्या भक्तीची खूण असेलच असे नाही. कधीकधी ती वरच्याच्या महत्त्वाकांक्षेची खूण असते. त्याच न्यायाने, ‘दोघांना’ म्हणणाऱ्या मुलाने कदाचित प्रामाणिकपणे काम केले असेल.

दुसरे असे की या मुलांना कुठे पाठवले जाते याचा निर्णय प्रौढ घेतात आणि परिणाम मुले भोगतात. घानाच्या सरकारने जून १९८९ मध्ये या चर्चच्या कार्यावर बंदी घातली, ती पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत टिकली. त्याच १९८९ मध्ये बोलिव्हियात ला पाझला दोन तरुण मिशनऱ्यांचा गोळ्या घालून खून झाला. रशियात २०१६ चा कायदा आल्यापासून त्यांना मिशनरी न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हणतात, रस्त्यावर धर्माविषयी बोलता येत नाही, आणि तरी २०१९ मध्ये नोव्होरोसिस्क इथे दोघांना पकडून देशाबाहेर काढले गेले. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाला तेव्हा जखमींत मिशनरी होते. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या भीषण मोटार अपघातात गाडी चालवणारा मिशनरी होता मिट रॉम्नी, वय २१, जो पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढला. त्यात तिथल्या मिशनच्या प्रमुखांच्या (मिशन प्रेसिडेंटच्या) पत्नी दगावल्या, आणि चूक समोरच्या गाडीची असली तरी तो भार त्या वयात कुणी उचलावा?

मान्य करण्यासारखे असे की भाषा मात्र ते खरोखर शिकतात, केवळ परीक्षेपुरती नव्हे. तैवानमध्ये मिशन केलेले जॉन हंट्समन पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले, आणि जपानमध्ये मिशन केलेला केंट गिल्बर्ट १९८० च्या दशकात तिथल्या दूरदर्शनवर घराघरांत पोचला. धर्म शिकवायला गेलेला पोरगा त्या देशाचाच जाणकार होऊन परततो, हा उलटा व्यवहार मला त्यांच्या साऱ्या प्रकारात सर्वांत रोचक वाटतो.


उत्तर ५ : ब्राझीलहून परतलेली

शंकासुरांचे म्हणणे मी खोडणार नाही. आकड्यांचा काच मी स्वतः भोगला आहे. एवढेच सांगते की ‘पाठवले जाते’ या शब्दांत मी बसत नाही. मी मागून गेले, आणि तो झगा, ते फाटक, ते शून्य, सगळे धरून पुन्हा गेले असते. या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. माझ्या भावाच्या बाबतीत दुसरी खरी नव्हती. तो आईसाठी गेला.


गल्लीतली शेजारीण

सर्वांचे आभार. सेंदाईच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून मी शहरातल्या जपानी दुकानातून मुगिचाची पाकिटे आणली, बेताने उकळली, थंड केली आणि काल संध्याकाळी तो फिरायला निघाला तेव्हा त्याला अंगणात बोलावले. काही न सांगता पेला पुढे ठेवला. त्याने आधी वास घेतला. मग पायरीवर बसला आणि मी न विचारता बोलू लागला. त्याची सहा गावे झाली. एका गावी सायकलचे चाक वाकले तर दुरुस्ती करणारा म्हातारा पैसे घेईना. त्याऐवजी त्याने या दोघांना दर शनिवारी दुकानाबाहेरचा बर्फ ओढायला लावला, आणि हे दोघे बदली झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांनीही तो ओढला. फावडे कसे धरायचे हे म्हाताऱ्याने त्याला नव्याने शिकवले, कारण युटाची पद्धत त्याला मान्य नव्हती. हे त्याने उभे राहून, दोन्ही हातांनी, नसलेल्या फावड्याने मला करून दाखवले. ते बाप्तिस्मा घेतलेले दोघे कोण, ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

दुसरा पेला भरायला गेले तर त्याने पेल्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “केक्को देस.” मी “असू द्या?” असे मराठीत म्हणाले आणि अर्थ सांगितला, तेव्हा तो इतका हसला की त्याची आई दार उघडून बाहेर आली.

आता नवीन अडचण. येत्या रविवारी चर्चमध्ये त्याचे परतल्यानंतरचे भाषण आहे आणि आम्हा चौघांना आग्रहाचे आमंत्रण आहे. काय घालून जावे, किती वेळ लागतो, आणि आपण त्यांच्यातले नसल्याने काही अवघड प्रसंग येतो का?


प्रोव्होचा जुना भाडेकरू

साधे, नीटनेटके कपडे पुरे. पुरुष बहुधा टाय लावतात, साडी नेसून गेलात तरी उत्तमच. भाषण पहिल्या तासाच्या सभेत असते. २०१९ पासून त्यांचा रविवार तीन तासांवरून दोनवर आला आहे, आणि दुसऱ्या तासाला थांबण्याचे आपल्यावर बंधन नाही. सुरुवातीला पावाचे तुकडे आणि मग पाण्याचे छोटे पेले असलेली तबके रांगेतून फिरतात. घेतले नाही तरी चालते, तबक फक्त शेजारच्याच्या हाती द्यायचे. दहा मिनिटे आधी पोचा, कारण घरी परतलेल्याचे भाषण असले की मागच्या खुर्च्या आधी भरतात. आणि मुलांसाठी खाऊ बरोबर ठेवा. तिथल्या प्रत्येक आईच्या पिशवीत तो असतोच.